देश पाहावयाचा तो कोणत्या डब्यातून?

(महापे येथे कामगार व महाविद्यालयीन युवक यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आपल्यापैकी काही तरुण येत्या सुट्टीत काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत प्रवास करावयास निघणार आहेत. निघण्यापूर्वी ‘भारतदर्शन’ या विषयावर कोणीतरी चार शब्द सांगावेत, अशी संयोजकांची इच्छा आहे. हा संकल्प मला मनापासून आवडला. ज्या देशाचे आपण नागरिक म्हणवतो, त्याची लांबीरुंदी एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी मोजावी, ही इच्छा निरोगी आहे. परंतु प्रवासाला निघणाऱ्यांना नुसत्या शुभेच्छा देऊन भागत नाही. कोठे जावयाचे हे ठरवताना कसे जावयाचे, कोणाच्या घरी उतरावयाचे आणि कोणाशी बोलावयाचे, हेही ठरवावे लागते. कारण एकच देश निरनिराळ्या प्रवाशांना निरनिराळा दिसतो. विमानाच्या खिडकीतून तो ढगांखाली पसरलेला नकाशा असतो, आणि जनरल डब्याच्या दारात पाय सोडून बसलेल्याला तो दर स्थानकावर बदलणारी भाषा आणि पाण्याची चव यांतून कळतो.

देश पायी पालथा घालण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. नामदेव शिंपी पंढरपुराहून निघून पंजाबात पोहोचले. शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात त्यांची एकसष्ट पदे आहेत आणि गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव त्यांच्या नावाने ओळखले जाते. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन तेथे भरले, ते याच नात्याने. तेव्हा ना रेल्वे होती, ना एक राज्य, ना एक राज्यघटना. तरीही एका मराठी कारागिराचे शब्द पंजाबी शेतकऱ्याच्या प्रार्थनेत जाऊन बसले. देश जोडला जातो तो असा. हे काम हुकुमाने होणारे नाही.

आपल्या शेजारच्या पेण तालुक्याकडे पाहा. पनवेल ओलांडले की तो लागतो. या एका तालुक्याने दोन थोर पायी प्रवासी दिले. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. कारण मोठे साधे होते. घरावर कर्ज होते, आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असून तेथे दक्षिणा चांगली मिळेल, अशी वार्ता त्यांच्या कानावर आली होती. महूच्या सुमारास त्यांना बंडाची बातमी कळली आणि या गरीब भिक्षुकाचा प्रवास इतिहासाच्या भोवऱ्यात सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. शहर पडल्यानंतरची कत्तल आणि लूट त्यांनी लपून बसून पाहिली. दक्षिणेची कमाई लुटली गेली. अडीचएक वर्षांनी ते गंगाजलाची कावड घेऊन घरी परतले. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून १८८३ साली त्यांनी ही हकीकत लिहून काढली, आणि ‘माझा प्रवास’ या नावाने ती छापली जाण्यास १९०७ साल उजाडावे लागले. सत्तावनच्या उठावाविषयी इंग्रज अधिकाऱ्यांनी पुष्कळ लिहिले. परंतु झाशीच्या गल्लीबोळांतील सामान्य माणसाचे भय आणि त्याची तहान आपल्याला मराठीतून सांगितली ती कर्ज फेडण्यासाठी घर सोडलेल्या या माणसाने. गरजेपोटी प्रवास करणाऱ्याला जे दिसते, ते हौसेने फिरणाऱ्याला सहसा दिसत नाही. या गोष्टीकडे मी पुन्हा वळणार आहे.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडले, आणि कुटुंब त्यांच्याबरोबर हिंडले. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात दुष्काळाने आईवडील आणि बहीण यांना ओढून नेले. मागे राहिलेली ही मुलगी आणि तिचा भाऊ हजारो मैल पायी चालले, काश्मीरपर्यंत गेले आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी रमाबाईंच्या विद्वत्तेचा गौरव केला. परंतु त्या गौरवावर त्या थांबल्या नाहीत. वाटेत पाहिलेली उपासमार आणि स्त्रियांचे हाल त्यांच्या मनातून गेले नाहीत. १८८९ साली मुंबईत उघडलेले शारदा सदन आणि त्यानंतर केडगावात उभे राहिलेले मोठे कार्य यांचे मूळ त्या वणवणीत आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार मुलींना आणण्यासाठी त्या मध्य प्रांतात धावून गेल्या, कारण दुष्काळातला रस्ता त्यांनी स्वतः तुडवलेला होता.

परंतु मित्रहो, हा देश सर्व प्रवाशांना सारखा खुला होता, असे मानून चालता येणार नाही. १९०१ साली एक नऊदहा वर्षांचा मुलगा आपल्या भावंडांसह साताऱ्याहून वडिलांना भेटण्यासाठी आगगाडीने निघाला आणि मसूर स्थानकावर उतरला. ही मुले महारांची आहेत असे कळताच गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तोही या अटीवर की बैल मुलांनी हाकावेत आणि त्याने मागून चालावे. रात्रभर त्या मुलांना कोणी पाणी दिले नाही. त्या मुलाचे नाव भीमराव आंबेडकर. पुढे १९३४ साली, विलायतेच्या पदव्या घेऊन आल्यावरही, दौलताबादचा किल्ला पाहावयास गेलेल्या त्यांच्या चमूला तेथील हौदाचे पाणी बाटवल्याच्या आरोपावरून अडवण्यात आले. अडवणारे या वेळी मुसलमान होते. बाबासाहेबांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. ज्या किल्ल्यावर आपण छायाचित्रे काढतो, तेथे देशाच्या राज्यघटनेच्या शिल्पकाराला पाण्यासाठी वाद घालावा लागला. देशाचे दर्शन घ्यावयाचे तर हेही दर्शनच आहे. आजही ज्या गावात जाल, तेथे पाणवठा कोठे आहे आणि तो कोणाकोणाचा आहे, हा प्रश्न अवश्य विचारा. देवळाच्या शिल्पकलेइतकेच त्याचे उत्तर तुम्हाला त्या गावाविषयी सांगेल.

पेण तालुक्यातील दुसरे प्रवासी म्हणजे गागोद्याचे विनोबा. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर जमीन मागितली, आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. तेव्हापासून सुमारे तेरा वर्षे विनोबा चालत राहिले. १९६२ साली त्यांची पदयात्रा तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातूनही गेली. भूदानाचा हिशेब आपण डोळसपणे केला पाहिजे. मिळालेल्या जमिनीचा मोठा भाग खडकाळ, वादग्रस्त किंवा वाटपाविना राहिला, आणि कायद्याने करावयाचे काम हृदयपरिवर्तनावर सोपवल्याबद्दल समाजवाद्यांनी त्या काळीही टीका केली. ती टीका रास्त होती. तरीसुद्धा दररोज एका नव्या गावी मुक्काम करून भूमिहीनाच्या प्रश्नाला गावाच्या चव्हाट्यावर आणणे ही गोष्ट थोडी नव्हती.

पुढे चंद्रशेखर ६ जानेवारी १९८३ रोजी कन्याकुमारीहून निघाले आणि २५ जून रोजी, म्हणजे आणीबाणीच्या स्मृतिदिनी, दिल्लीत राजघाटावर पोहोचले. चार हजारांवर किलोमीटर चालताना त्यांनी पिण्याचे पाणी, प्राथमिक शिक्षण आणि आरोग्य हे साधे प्रश्न पुढे ठेवले. त्यानंतर बाबा आमटे. १९८४ च्या रक्तपातानंतर, पंजाब धुमसत असताना, साने गुरुजींच्या जयंतीला, २४ डिसेंबर १९८५ रोजी, ‘भारत जोडो’ अभियान कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर होत्या, आणि पाठीच्या कण्याच्या विकारामुळे बसताही न येणारा एकाहत्तर वर्षांचा हा माणूस मोटारीत पडून त्यांच्याबरोबर पाच हजार किलोमीटर गेला. १९८८ साली पुन्हा इटानगरपासून ओख्यापर्यंत, पूर्वेकडून पश्चिमेकडे. साने गुरुजींनी आंतरभारतीचे जे स्वप्न पाहिले, एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, एकमेकांच्या घरी राहावे, त्याला बाबांनी चाके दिली. तेच नाव घेऊन २०२२-२३ साली राहुल गांधी कन्याकुमारीहून श्रीनगरला चालत गेले. त्या यात्रेच्या राजकीय लाभहानीत मी आज शिरत नाही. पायी चालण्याचे आवाहन अजून संपलेले नाही, एवढेच त्यावरून ध्यानी यावे.

तथापि या सर्व यात्रांना एक मर्यादा आहे. पुढाऱ्याच्या वाटेवर कमानी उभारल्या जातात, रस्ते झाडले जातात, गावातील प्रतिष्ठित पुढे येतात. यात्रिकाला पुष्कळदा गावाचा पोशाखी चेहरा पाहावयास मिळतो. आणि या देशात आडव्याउभ्या यात्रा सतत चालूच असतात, ज्यांच्यासाठी कोणी कमान उभारत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील पंचेचाळीस कोटींहून अधिक माणसे आपले मूळ ठिकाण सोडून दुसरीकडे राहत होती. त्यांत लग्न होऊन सासरी गेलेल्या स्त्रियांचा भरणा मोठा आहे, हे खरे. आणि बहुतेकांचे स्थलांतर राज्यातल्या राज्यात झालेले आहे, हेही खरे. परंतु पोटासाठी परप्रांतात गेलेल्यांची संख्याही कोट्यवधींची आहे. गोडसे भटजींसारखेच कर्ज फेडावयास निघालेले हे लोक. देशाची लांबी कोणी खरोखर मोजली असेल तर ती यांनी.

२०२० च्या मार्च महिन्यात ही अदृश्य यात्रा एकाएकी सर्वांना दिसली. देशभर टाळेबंदी पुकारली गेली, कारखाने बंद पडले, गाड्या थांबल्या, आणि डोक्यावर बोचके, कडेवर मूल अशी माणसे मुंबई-नाशिक महामार्गावरून कसाऱ्याचा घाट चढू लागली. आपल्या या पट्ट्यातूनही माणसे निघाली. ८ मे रोजी पहाटे जालन्याहून भुसावळकडे रुळांवरून चालत निघालेले सोळा मजूर करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली चिरडले गेले. ते मध्य प्रदेशचे होते. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्या साऱ्या देशाने पाहिल्या. त्या वर्षी एक कोटीहून अधिक मजूर आपापल्या राज्यांत परतले, असे सरकारच सांगते. त्यांपैकी वाटेत किती मेले, असे सप्टेंबर महिन्यात लोकसभेत विचारण्यात आले, तेव्हा अशी माहिती ठेवलेली नाही, असे उत्तर केंद्रीय श्रम मंत्रालयाने दिले.

कायदा नव्हता असे नाही. १९७९ साली संसदेने आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. ठेकेदाराने कामगाराला जाण्यायेण्याचे भाडे द्यावे, प्रवासाचे दिवस कामाचे धरून त्यांची मजुरी द्यावी, घर सोडावे लागले म्हणून विस्थापन भत्ता द्यावा, आणि प्रत्येकाला त्याच्या नावाचे पासबुक द्यावे, असे त्यात लिहिले होते. विचार करा, मजुराचा प्रवास हाही श्रमाचाच भाग आहे, हे तत्त्व या देशाच्या कायद्याने चार दशकांपूर्वी मान्य केले होते. ती पासबुके खरोखर दिली गेली असती, तर कोण कोठे आहे हे सरकारला २०२० साली शोधत बसावे लागले नसते. २०२० च्या नव्या श्रमसंहितेत हा कायदा विलीन झाला, त्यात प्रवासाचे भाडे राहिले, पण विस्थापन भत्ता वगळला गेला. ज्यांनी हजार मैल चालून आपल्या विस्थापनाचा पुरावा दिला, त्यांच्याच हक्कातून विस्थापन हा शब्द नाहीसा व्हावा, याला काय म्हणावे?

आता डब्याकडे वळू. १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाचा प्रवासी लाकडी फळीवर रात्र काढीत असे. त्या फळीवर दोन इंचांची गादी घालण्याचा निर्णय त्यांनी घेतला. पहिल्या वर्गाच्या सुखसोयी कमी करण्यापेक्षा दुसऱ्या वर्गाचा मान वाढवावा, ही त्यामागची दृष्टी होती. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई आणि हावडा यांच्या दरम्यान गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. त्या गाडीत वर्गच नव्हते. सर्व डबे एकाच दर्जाचे. समाजवाद म्हणजे काय, असे कोणी विचारले तर मी पुष्कळदा त्या दोन इंचांच्या गादीचे उदाहरण देतो. ज्या माणसाला मंत्री कधी भेटणार नव्हता, त्याची पाठ त्या मंत्र्याने ओळखली होती.

आज काश्मीरचे खोरे देशाच्या रेल्वेजाळ्याला जोडले गेले आहे. जून २०२५ मध्ये चिनाबवरील उंच पुलावरून गाड्या धावू लागल्या. दिब्रुगडहून कन्याकुमारीला जाणारी विवेक एक्सप्रेस चार हजारांवर किलोमीटर तोडते. अभियंत्यांच्या आणि मजुरांच्या या पराक्रमाचा अभिमान अवश्य बाळगावा. पण नव्या झगमगीत गाड्या वातानुकूलित आहेत, आणि छठपूजेच्या दिवसांत कल्याण किंवा लोकमान्य टिळक टर्मिनसवर जाऊन जनरल डब्याचे दार पाहिलेत, तर दंडवत्यांचा वारसा कोठे अडकला आहे ते कळेल. पुलाची उंची आणि डब्यातील गर्दी ही दोन्ही मापे देशाचीच आहेत.

आणि आता महापे. एका बाजूस पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूस ठाण्याची खाडी, मधे भातशेती आणि खाडीलगत मिठागरे, अशी ही आगरी-कोळ्यांची भूमी. १९६० नंतर ठाणे-बेलापूर रस्त्यालगत औद्योगिक वसाहत आली, रसायनांचे कारखाने आले. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पंचाण्णव गावांच्या जमिनींवर नवे शहर आखले गेले. पुढे संगणकाची कार्यालये आली. जमीन गेली ती मात्र कवडीमोलाने. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. येथील भूमिपुत्र आपल्याच गावात उपरा झाला, ही त्याची वेदना खरी आहे. तिची थट्टा करण्याचा अधिकार कोणाही राष्ट्रीय एकात्मतेच्या वक्त्याला नाही.

परंतु या वेदनेचा मोर्चा कोणाच्या दारावर न्यावयाचा? सकाळी नाक्यावर उभा राहणारा मजूर बिहारचा असो, ओडिशाचा असो, कलबुर्गीचा असो की आमच्या बीड-जालन्याचा. त्याने येथील जमीन घेतलेली नाही. तोही कोठल्यातरी जमिनीवरून हुसकलेला आहे. कोणाची धरणात गेली, कोणाची सावकाराच्या वहीत, कोणाची भावांच्या वाटणीत तुकडे होऊन संपली. ठेकेदाराला मात्र दोघेही सोयीचे असतात. स्थानिक तरुण हक्क मागतो म्हणून त्याला काम द्यावयाचे नाही, आणि परप्रांतीय हक्क मागू शकत नाही म्हणून त्याला कमी मजुरीत राबवावयाचे. हे दोघे एकमेकांशी भांडत राहिले, तर त्याचा हिशेब बिनबोभाट जुळतो. भाषेचा प्रश्न वेगळा आहे, आणि महाराष्ट्रात राहणाऱ्याने मराठी शिकावी असे मीही आग्रहाने म्हणेन. मात्र शिकवणारा शेजारी असावा लागतो. कानशिलात मारून कोणतीही भाषा कोणाच्या जिभेवर बसलेली नाही.

म्हणून निघणाऱ्या तरुणांपुढे मी एक प्रत्यक्ष कार्यक्रम ठेवतो. तुमच्या हातात काश्मीर ते कन्याकुमारी असा नकाशा आहे. त्यावर प्रेक्षणीय स्थळांच्या खुणा आहेत. निघण्यापूर्वीचे पंधरा दिवस महाप्याच्या वस्त्यांत घालवा. येथे काम करणाऱ्या माणसांना भेटा, त्यांचे गाव विचारा, आणि त्यांची तयारी असेल तर घरचा पत्ता आणि एक निरोप घ्या. जी गावे तुमच्या वाटेवर किंवा वाटेपासून थोड्या अंतरावर असतील, तेथे उतरा. त्यांच्या अंगणात बसा, तेथील भाकरी खा, आणि तुमचा मुलगा ज्या गावात राबतो त्या गावची आम्ही माणसे आहोत, असे सांगा. तुमच्यापैकी कोणाच्या आजोबांची जमीन या वसाहतीत गेली असेल, तर तेही सांगा. त्या घराला एवढेच ठाऊक असते की मुंबईकडे कोठेतरी आपला माणूस आहे. त्याला महाप्याचा चेहरा दिसू द्या.

वहीत तीन गोष्टी प्रत्येक गावी टिपा: शेतमजुराला दिवसाची मजुरी किती मिळते, पाणी कोण भरते आणि कोठून, आणि गाव सोडून गेलेले कोठे गेले व का गेले. डोंगर, नद्या, मंदिरे, मशिदी हे सर्व पाहाच. सौंदर्याचे वावडे समाजवाद्याला असण्याचे कारण नाही. साने गुरुजींना नदीचे जेवढे प्रेम होते, तेवढेच नदीकाठच्या माणसाचे होते. आणि प्रवासाचा काही टप्पा तरी आरक्षणावाचून, जनरल डब्यातून करा. मुलींना त्या डब्यात निर्धास्तपणे जाता येत नसेल, तर तेही वहीत लिहा. तोही देशाविषयीचा एक शोधच आहे.

परत आल्यावर आपली हकीकत येथेच, याच सभागृहात सांगा, आणि ज्यांचे निरोप घेऊन गेला होतात त्यांना पुढच्या रांगेत बसवा. सभा मराठीत घ्या, पण प्रत्येकाला आपल्या भाषेत बोलण्याची मुभा द्या आणि त्याचे भाषांतर करावयास कोणीतरी उभे राहा. गावच्या पंचांनाही बोलवा. स्थानिकांच्या जमिनीचा हक्क आणि बाहेरून आलेल्यांच्या पासबुकाचा हक्क, या दोन मागण्या एकाच निवेदनात लिहून कामगार आयुक्तांकडे नेता आल्या, तर तुमचा प्रवास सार्थकी लागला असे मी म्हणेन. ते निवेदन लिहिण्यास माझी मदत लागली तर मी येईन. तुमचा प्रवास सुखाचा होवो.